गंधकाचा स्फटिक तडकला, तो नकली होता का?

प्रश्न : जावयांनी इटलीहून गंधकाचा स्फटिक आणला. बोराएवढा, पिवळाधमक, पांढऱ्या दगडावर बसलेला. सोबतच्या चिठ्ठीवर ‘आग्रिजेंतो, सिसिली’ असं लिहिलंय. चार पाहुण्यांच्या हातांतून फिरवून शोकेसमध्ये बल्बखाली ठेवला, तर तासाभरात ‘तट्’ आवाज झाला आणि मधोमध चीर पडली. वासही येत नाही. फसवलं का हो त्यांना? आणि खालचा पांढरा थर धुऊन काढू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, जावयांना काही बोलू नका. चीर पडली ती तो खरा आहे म्हणूनच. गंधकातून उष्णता फार हळू सरकते. हाताच्या उबेने वरचा भाग प्रसरण पावतो, आतला थंडच राहतो, आणि या ओढाताणीत तो तडकतो. खात्री करायची तर काष्ठौषधींच्या दुकानातून गंधकाचा मोठा खडा आणा, मुठीत धरा आणि मूठ कानाशी न्या. बारीक कुरकुर ऐकू येईल. वासाचं म्हणाल, तर सडक्या अंड्यांचा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. शुद्ध गंधकाला तो नसतो.

माझा पहिला स्फटिक मी स्वतःच घालवला. जळगावकडच्या खाणीतली स्टिल्बाइट, अपोफिलाइट ही खनिजं नळाखाली ब्रशने घासायची सवय. त्याच हाताने सिसिलीचा तुकडा कोमट पाण्यात बुडवला. नखाएवढं टोक टपकन निखळून बशीत पडलं. बायको म्हणाली, “चहात बुडवलेलं बिस्किट!” ते टोक अजून काडेपेटीत आहे.

म्हणून धुणं नको. तो पांढरा थर मळ नव्हेच. सिसिलीत गंधकासोबत कॅल्साइट, अरॅगोनाइट, सेलेस्टाइन ही खनिजं सापडतात, त्यांतलंच काही असेल. लिंबू किंवा अ‍ॅसिड लावलंत तर कॅल्साइट फसफसून विरघळेल आणि स्फटिकाखालची बैठकच जाईल. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झटका, तीही अगदी हलक्या हाताने, कारण हा नखानेही ओरखडतो. उचलायचा तो खालच्या दगडाला धरून. बल्ब काढा, ऊन टाळा. नाशिकचा उन्हाळा तो सोसेल, कारण ते तापणं सावकाश असतं. त्याला बाधतो तो अचानक बदल. चीर गोंदाने भरू नका, आहे तशी राहू द्या.

शोकेसमध्ये चांदीची भांडी असतील तर आधी ती हलवा. गंधकाच्या शेजारी चांदी काळी पडते, आणि मग दोष पितांबरीला लागतो.

ती चिठ्ठी मात्र जपा. एकोणिसाव्या शतकात जगाला गंधक पुरवणाऱ्या त्या खाणी आता बंद आहेत. त्यांत कारूसी म्हणून ओळखली जाणारी लहान पोरं पाठीवरून खनिज वर आणत. नवा माल निघत नाही, त्यामुळे ठिकाण लिहिलेला तडकलेला स्फटिकसुद्धा संग्राहक आनंदाने ठेवून घेतो. चिठ्ठी दगडाला चिकटवू नका, डबीत वेगळी ठेवा.