अस्वलाला अस्वल

किनवटच्या एका सरांनी विचारलंय: पेपरात 'ग्रिझली ही अस्वलाची प्रजाती' असं छापतात, शाळेच्या पुस्तकात मात्र प्रजाती ही जातीच्या वरची पायरी. मग खरं काय? आणि माहूर-किनवटच्या जंगलातलं अस्वल तपकिरी अस्वलातलंच का?

सर, पुस्तक बरोबर आहे. कुल, प्रजाती, जाती अशी ती उतरंड. वाघ आणि सिंह एकाच प्रजातीतल्या दोन जाती. तपकिरी अस्वल ही एक जाती, अर्सस आर्कटॉस. उत्तर अमेरिकेतलं ग्रिझली, अलास्काच्या बेटांवरचं थोराड कोडियाक, आपल्या हिमालयातलं फिकट अस्वल या सगळ्या तिच्या उपजाती. शास्त्रीय नावाला तिसरा शब्द लागला की उपजाती समजायची. हिमालयातलं ते अर्सस आर्कटॉस इसाबेलिनस. उपजाती एकूण किती, यावर तज्ज्ञांचंच जमत नाही, तेव्हा मुलांना आकडा पाठ करायला लावू नका.

आता गंमत बघा. अर्सस लॅटिन, आर्कटॉस ग्रीक, आणि दोन्हींचा अर्थ अस्वलच! सजीवांना दोन शब्दी नावं देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५८ साली नाव ठेवलं ते 'अस्वल अस्वल'. पण हसायला आपल्याला तोंड नाही. संस्कृत ऋक्षाचं प्राकृतात अच्छ झालं, त्याला भल्ल चिकटलं आणि अच्छभल्लाचं घासून घासून अस्वल झालं. भल्ल म्हणजेही अस्वलच, हिंदीतला भालू त्याच घरचा. म्हणजे आपणही अस्वलाला दोनदा अस्वल म्हणतो. शिवाय ऋक्ष आणि आर्कटॉस हे सख्खे भाऊ, एकाच मुळाचे. लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन आला की शेजारची उर्दू बोलणारी पोरं 'रीछ आया' म्हणून ओरडायची. त्यांच्या तोंडी नुसता ऋक्ष उरला होता. जुन्या मराठीतही 'रीस' होताच, तो आपण हरवला.

'तपकिरी' शब्द त्यामानानं कालचा. आजीच्या डबीतल्या तपकिरीवरून रंगाला नाव पडलं, आणि तंबाखूच मुळात पोर्तुगीजांसोबत आली.

राहिलं तुमच्याकडचं अस्वल. ते काळं, झिपरं, वारुळं फोडून वाळवी ओढणारं, मोहाच्या फुलांवर तुटून पडणारं. ती वेगळीच जाती, मेलर्सस अर्सिनस. बातमीत नुसतं 'अस्वल' लिहिलं तरी भागतं. 'आळशी अस्वल' तेवढं लिहू नका. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं लांब नख्या बघून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या झाडावर लोंबणाऱ्या स्लॉथचा भाऊबंद ठरवलं. ती चूक 'स्लॉथ बेअर' या इंग्रजी नावात राहिली, आणि स्लॉथ म्हणजे आळसही, म्हणून कुणीतरी तिचंही भाषांतर करून टाकलं.