चार दिवसांत दिल्ली : आधी वार पाहावा, मग यादी

प्रश्न : फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण प्रथमच दिल्लीला जात आहोत. शनिवारी संध्याकाळी तेथे पोहोचू आणि गुरुवारी पहाटे नवी दिल्लीहून पंजाब मेलने परत निघू. म्हणजे हाती रविवार ते बुधवार असे चार पूर्ण दिवस आहेत. सोबत 74 वर्षांचे वडील, गुडघेदुखी असलेली आई आणि 12 वर्षांचा मुलगा आहे. आम्ही 22 ठिकाणांची यादी केली आहे. एका प्रवासी एजंटाने रविवारी बसने दिल्ली दर्शन, सोमवारी लाल किल्ला, अक्षरधाम व कमळ मंदिर, मंगळवारी आग्रा आणि बुधवारी उरलेले सर्व, असा कार्यक्रम आखून दिला आहे. तो योग्य आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा कार्यक्रम आपण स्वीकारू नये, असे मी स्पष्टपणे सांगते. त्यातला सोमवार तर पूर्णपणे वाया जाणार आहे, कारण लाल किल्ला, अक्षरधाम आणि कमळ मंदिर ही तिन्ही ठिकाणे सोमवारी बंद असतात. राष्ट्रीय संग्रहालय आणि गांधी स्मृतीलाही सोमवारीच सुट्टी असते. कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा मात्र आठवड्याचे सातही दिवस खुले असतात, आणि आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. दिल्लीची आखणी करताना म्हणूनच यादीच्या आधी कॅलेंडर हाती घ्यावे आणि सोमवारी काय उघडे असते, येथून सुरुवात करावी. बाकीचे दिवस मग आपोआप जागेवर बसतात.

दुसरी गोष्ट अंतरांची. दिल्ली हे एक शहर नाही. वेगवेगळ्या काळांत वेगवेगळ्या राजवटींनी वसवलेली अनेक शहरे तेथे एकमेकांना लागून उभी आहेत. दक्षिणेला मेहरौलीकडे सुलतानांची दिल्ली आहे, उत्तरेला शाहजहानचे शाहजहानाबाद आहे, आणि या दोहोंच्या मध्ये 1911 साली राजधानी कोलकात्याहून हलवण्याची घोषणा झाल्यानंतर लटियन्स आणि बेकर या ब्रिटिश वास्तुविशारदांनी आखलेली, 1931 मध्ये उद्घाटन झालेली नवी दिल्ली आहे. एका दिवशी एकच दिल्ली पाहिली, तर रस्त्यावरचा वेळ निम्म्याहून कमी होतो आणि काय पाहिले हे लक्षातही राहते. दर्शनाची बस एका दिवसात तिन्ही दिल्लींना स्पर्श करते, प्रत्येक ठिकाणी घड्याळ लावून उतरवते, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसभरात अनेकदा बसची पायरी चढायला व उतरायला लावते. आपल्या आईंसाठी तरी ती बस नको.

रविवार नव्या दिल्लीला द्यावा, कारण सरकारी कार्यालये बंद असल्यामुळे त्या भागातली रहदारी बरीच कमी असते. सकाळी लवकर गुरुद्वारा बंगला साहिबला जावे. तेथे डोके झाकणे आवश्यक असते, पादत्राणे ठेवण्याची चोख व्यवस्था असते आणि लंगरमध्ये कोणीही पंगतीला बसू शकते. तेथून जवळच सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेले जंतरमंतर आहे. आपल्या मुलाला तेथील सम्राट यंत्रापाशी थोडा वेळ थांबू द्यावे. ते एक प्रचंड सूर्यघड्याळ आहे आणि त्याची सावली सरकताना नुसत्या डोळ्यांना दिसते. त्यानंतर राष्ट्रीय संग्रहालय. ते सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. हडप्पा संस्कृतीचे दालन नीट पाहिले तरी पुरे. मोहेंजोदडोची ब्राँझची नर्तकी पाठ्यपुस्तकातल्या चित्रामुळे आपल्या मनात मोठी झालेली असते. प्रत्यक्षात तिची उंची साधारण साडेदहा सेंटीमीटर, म्हणजे तळहातावर मावेल एवढीच आहे. कमरेवर टेकवलेला एक हात, दुसऱ्या हातात खांद्यापर्यंत भरलेल्या बांगड्या आणि किंचित वर उचललेली हनुवटी जवळून पाहताना साडेचार हजार वर्षांचे अंतर खरोखर उरत नाही.

दुपारी दोन तास हॉटेलवर विश्रांती घ्यावी. हे मी सोयीसाठी नव्हे, तर आवश्यक म्हणून सांगत आहे. माझ्या सासूबाईंना घेऊन मी दिल्लीला गेले, तेव्हा पहिल्या दिवशी सकाळी नऊ ते रात्री आठ असा अखंड कार्यक्रम ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय इतके सुजले की तो पूर्ण दिवस खोलीतच गेला, आणि पुढच्या दिवशीही त्यांचे मन चालण्यात लागले नाही. तेव्हापासून ज्येष्ठांसोबतच्या प्रवासात दुपार मोकळी सोडण्याचा नियम मी मोडलेला नाही.

संध्याकाळी कर्तव्यपथावर जावे. 42 मीटर उंचीच्या इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धात व अफगाण युद्धात मरण पावलेल्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत, आणि त्याच्या पलीकडेच फेब्रुवारी 2019 मध्ये राष्ट्रार्पण झालेले राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. बहुतेक पर्यटक इंडिया गेटसमोर छायाचित्र काढून परत फिरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. युद्ध स्मारकाच्या त्याग चक्रात स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या 25,000हून अधिक जवानांची नावे एकेका ग्रॅनाइटच्या फरशीवर कोरली आहेत. मुलाला तेथे शांतपणे ती नावे वाचू द्यावीत. आपल्या ओळखीची आडनावे त्याला स्वतःलाच सापडतील.

सोमवारी मेहरौली आणि निजामुद्दीन हे दोन भाग ठेवावेत. कुतुबमिनारला सकाळी आठच्या आत पोहोचावे, म्हणजे ऊन कोवळे असते आणि शाळांच्या सहली आलेल्या नसतात. यलो लाइनवर कुतुबमिनार नावाचे मेट्रो स्थानक आहे, परंतु ते मिनारापासून बरेच दूर असल्यामुळे तेथून रिक्षा करावी. साडेबहात्तर मीटर उंचीचा हा मिनार पाहताना त्याच्या मजल्यांवरील उभ्या पन्हळींकडे लक्ष द्यावे : पहिल्या मजल्यावर त्या आळीपाळीने गोल आणि टोकदार आहेत, दुसऱ्यावर सर्व गोल आणि तिसऱ्यावर सर्व टोकदार. शेजारच्या कुव्वतुल इस्लाम मशिदीच्या ओवऱ्या सत्तावीस हिंदू व जैन मंदिरांच्या दगडांतून उभ्या राहिल्या, हे तिच्या दारावरील लेखातच नोंदलेले आहे. त्या खांबांवर साखळीला टांगलेल्या घंटा आजही स्पष्ट दिसतात. बोट न लावता अगदी जवळ जाऊन पाहिल्यास साखळीची एकेक कडी मोजता येते. मशिदीच्या अंगणात सुमारे सात मीटर उंचीचा गुप्तकालीन लोहस्तंभ आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला आणि सोळाशे वर्षांत तो गंजून नष्ट झाला नाही. विज्ञान शिकणाऱ्या मुलाला हे कारण आवर्जून सांगावे.

दुपारच्या विश्रांतीनंतर हुमायूनचा मकबरा. मकबऱ्याच्या जोत्यावर जाणाऱ्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, त्यामुळे आईंनी वर जाण्याचा आग्रह धरू नये. खालच्या चारबाग उद्यानातून दिसणारे दृश्य तितकेच सुंदर असते. बाजूलाच सुंदर नर्सरी हे मोठे, सपाट आणि भरपूर बाके असलेले उद्यान आहे, आणि फेब्रुवारीत तेथे फुलांचा बहर असतो. सोळाव्या शतकातला हा मकबरा ताजमहालाचा पूर्वज मानला जातो. तो सोमवारी पाहून बुधवारी ताज पाहिला, तर उद्यानाच्या मध्यभागी उंच जोते आणि त्यावर घुमट ही कल्पना पुढे कशी बहरली, हे कोणी समजावून न सांगताही कळते.

मंगळवार जुन्या दिल्लीसाठी. चांदणी चौकातली बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात. साड्यांची खरेदी करायची असेल तर मंगळवारच सोयीचा. व्हायोलेट लाइनवरील लाल किला स्थानकातून बाहेर पडताच किल्ला समोर येतो. शाहजहानने 1648 मध्ये पूर्ण केलेल्या या किल्ल्यात चालणे बरेच आहे, म्हणून प्रवेशद्वारापाशीच व्हीलचेअरची चौकशी करावी आणि ती मागण्यात संकोच बाळगू नये. दिवाण-ए-खासमध्ये छताकडे मान वर करून अवश्य पाहावे. तेथे एकेकाळी चांदीचे छत होते. 1760 मध्ये पानिपतच्या मोहिमेवर निघालेल्या सदाशिवरावभाऊंच्या सैन्याला पैशांची चणचण भासली, तेव्हा ते उतरवून वितळवले गेले. पानिपतची कथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाने त्या रिकाम्या छताखाली उभे राहून इतिहासाची ही बाजूही पाहावी, असे मला वाटते. याच वास्तूत 1858 मध्ये बहादूरशहा जफरवर खटला चालला, आणि आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटलेही 1945-46 मध्ये याच किल्ल्यात चालले.

किल्ल्यासमोर चांदणी चौकाच्या तोंडाशीच जैनांचे लाल मंदिर आणि गौरीशंकर मंदिर आहे. हे दुसरे मंदिर अप्पा गंगाधर या मराठा सरदाराने बांधल्याचे सांगितले जाते. त्याच रस्त्यावर पुढे गुरू तेगबहादूर यांच्या 1675 मधील बलिदानाच्या जागी उभा असलेला गुरुद्वारा सीसगंज आहे. या रस्त्यावर दिवसा मोटारींना बंदी असल्यामुळे सायकलरिक्षाने आरामात जाता येते. भाडे मात्र बसण्यापूर्वीच ठरवावे. जामा मशिदीच्या पायऱ्या खूप असल्याने ती आईंनी खालूनच पाहिली तरी चालेल.

आता बुधवार आणि आग्रा. आई-वडिलांनी ताजमहाल पाहिलेला नसेल, तर यादीतील दहा ठिकाणे निःसंकोच कापावीत, पण आग्रा वगळू नये. मात्र त्याच दिवशी परत दिल्लीला येऊ नये. आपली पंजाब मेल आग्रा कँट स्थानकावर थांबते. म्हणून बुधवारी सकाळी हजरत निजामुद्दीनहून गतिमान एक्स्प्रेसने निघावे; ती सुमारे पावणेदोन तासांत आग्र्याला पोहोचवते. सामान तेथील हॉटेलवर ठेवून दुपारनंतर ताज पाहावा, रात्री तेथेच मुक्काम करावा आणि गुरुवारी सकाळी आग्रा कँटवरूनच पंजाब मेल पकडावी. त्यासाठी तिकिटावरील बोर्डिंग स्टेशन आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर गाडी सुटण्याच्या किमान चोवीस तास आधी बदलून घ्यावे. एकदा ते बदलले की नवी दिल्लीहून त्या तिकिटावर चढता येत नाही, हे लक्षात ठेवावे. एवढ्या एका बदलाने परतीचा प्रवास, दिल्लीतील एका रात्रीचा खर्च आणि पहाटे तीनला उठण्याची दगदग, असे तिन्ही वाचते.

हॉटेल निवडताना खोलीच्या छायाचित्रांपेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात : इमारतीला लिफ्ट आहे का, आणि यलो किंवा व्हायोलेट लाइनवरील मेट्रो स्थानक चालत पाच-सात मिनिटांवर आहे का. मेट्रोचे एक आणि तीन दिवसांचे पर्यटक कार्ड मिळते, स्थानकांवर लिफ्ट असतात आणि डब्यात ज्येष्ठांसाठी राखीव जागा असतात. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांची तिकिटे आदल्या रात्रीच ऑनलाइन काढावीत, म्हणजे रांग टळते. 15 वर्षांखालील मुलांना तेथे प्रवेश विनामूल्य असल्याने आपल्या मुलाच्या वयाचा पुरावा जवळ ठेवावा. रेल्वे स्थानकाबाहेर कोणी “तुमचे हॉटेल बंद झाले आहे” असे सांगत दुसरीकडे नेऊ लागला, तर त्याच्याशी बोलत न थांबता हॉटेलला स्वतः फोन करावा.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मुलांना दिल्ली दाखवण्याचा विचार आहे. धाकट्या मुलीला दम्याचा त्रास आहे. चार दिवसांत काय काय पाहता येईल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कृपया या सुट्टीत दिल्लीला जाऊ नये. ऑक्टोबरच्या अखेरीपासून पंजाब-हरियाणातील भाताचे खुंट जाळल्याचा धूर, फटाके, वाहने आणि वाऱ्याचा अभाव हे सर्व एकत्र येते, आणि थंड हवा जमिनीलगत अडकून राहिल्याने हा धूर वर जाऊ शकत नाही. त्या दिवसांत निरोगी माणसाचाही घसा खवखवतो. दम्याच्या मुलीसाठी तो धोका पत्करण्यात अर्थ नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत दाट धुक्यामुळे गाड्या व विमाने तासन्‌तास रखडतात, शिवाय 26 जानेवारीच्या आधी कर्तव्यपथाच्या परिसरात कडक बंदोबस्त असतो. फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हा काळ निवडावा आणि शाळेकडून चार दिवसांची रजा मागावी. तरीही निघण्यापूर्वी मुलीच्या डॉक्टरांना भेटून औषधे सोबत घ्यावीत.

प्रश्न : राष्ट्रपती भवन आतून पाहता येते का? त्यासाठी ओळख लागते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ओळख लागत नाही, राष्ट्रपती भवनाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी दिवस व वेळ आरक्षित करावी लागते आणि जाताना मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल, तर पूर्वी मुघल गार्डन म्हणून ओळखले जाणारे आणि जानेवारी 2023 मध्ये अमृत उद्यान असे नामकरण झालेले उद्यानही त्या काळात नागरिकांसाठी खुले असते, मात्र सोमवारी नाही. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सुरू होते. ते मिळताच लगेच या संकेतस्थळावरील उपलब्ध वेळा पाहायला लागावे, कारण शनिवार-रविवारच्या वेळा सर्वांत आधी भरतात.