अपसेट नीट वापरायचं असेल तर

तुझं वाक्य बघितलं, 'आय ॲम अपसेट ऑन माय ब्रदर'. आपण मराठीत भावावर चिडतो ना म्हणून ते ऑन येतं, पण इंग्रजीत माणसावर नाराज असलास की अपसेट विथ आणि एखाद्या गोष्टीवरून असेल तर अपसेट अबाउट किंवा ओव्हर, म्हणजे 'शी इज अपसेट विथ मी', 'ही इज अपसेट अबाउट हिज मार्क्स'. आधी एवढं पक्कं कर, बाकीचं येईल हळूहळू. आणि सॅडच्या जागी सरसकट अपसेट टाकू नकोस, सॅड म्हणजे नुसतं दुःख, अपसेटमध्ये मन बिनसलेलं असतं, त्यात राग, काळजी, दुखावलं जाणं काहीही असू शकतं, म्हणून कोणी अपसेट आहे म्हणालं तर कशावरून ते विचारावं. बातमी अपसेट नसते हं! बातमी अपसेटिंग, ऐकणारा अपसेट. क्रियापद म्हणून वापरलंस तर भूतकाळातही अपसेटच, अपसेटेड असं काही नाही. बोलताना जोर सेटवर दे, मॅचमध्ये तगडी टीम अनपेक्षित हरते त्या अपसेटला मात्र जोर अपवर. पोट बिघडलं तर अपसेट स्टमक, सुट्टीच्या मेलमध्ये बिनधास्त लिही.