बाई, तुमचे कागद आधी टेबलावर काढा

"ताई, मुलांना झेरॉक्स वाटली म्हणून खरंच तुरुंगात टाकतात का?" शिक्षकांच्या समुपदेशनात हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू येतो. त्यातल्याच एका बाईंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई सातवीला मराठी शिकवतात. तीन आठवडे त्यांना धड झोप नव्हती. व्हॉट्सॲपवर मेसेज फिरत होता: पुस्तकाची झेरॉक्स काढाल तर तीन वर्षं कैद, दोन लाख दंड. त्या दिवसापासून त्यांनी अवांतर कवितांचे कागद देणं थांबवलं. कविता फळ्यावर लिहायची, मुलांनी उतरवून घ्यायची, तोवर घंटा व्हायची. "मुलं विचारतात, बाई, आता कविता का नाही देत? काय सांगू त्यांना?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

मी पाणी दिलं आणि पिशवीतले सगळे कागद टेबलावर काढायला सांगितले. 'माझं चुकलं' असं सरसकट म्हणत राहिलं की भीती नुसती वाढत जाते, म्हणून मी एकेक कागद हातात घेऊन विचारत गेले.

मेसेजमधला शिक्षेचा आकडा खोटा नव्हता. जाणूनबुजून उल्लंघन केलं तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यात तेवढी शिक्षा होऊ शकते. पण त्याच कायद्यातलं कलम 52 मेसेजवाल्यानं गाळलं होतं. शिकवताना शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं प्रत काढणं, प्रश्नपत्रिकेत उतारा देणं, याला ते कलम उल्लंघन मानत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर बड्या प्रकाशकांनी 2012 मध्ये दावा लावला होता. 2016 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं ही सवलत शिकवण्याच्या गरजेपुरत्या प्रतींना मिळते, असं सांगितलं. आणि बाईंच्या गठ्ठ्यात बालकवीही होते! ते 1918 साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे त्यांच्या कविता कधीच मोकळ्या झाल्या आहेत.

स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्याचंही त्यांनी विचारलं. शाळेतल्यांनीच बसवलेलं, बघायला मुलं, पालक आणि शिक्षक असतील तर चालतं. गावभर तिकिटं विकणार असाल तर परवानगी घ्या.

मग तळाशी एक जाड गठ्ठा निघाला. एका प्रकाशनाची अख्खी स्वाध्यायपुस्तिका. बाईंनी ती स्कॅन करून इतर शाळांच्या टेलिग्राम ग्रुपवरही टाकली होती. इथे मी त्यांना दिलासा दिला नाही. मुलांनी विकत घ्यावं म्हणूनच छापलेलं पुस्तक सगळीकडे फुकट वाटणं म्हणजे वर्गात शिकवणं नव्हे. लिहिणाऱ्यांचं पोट त्यावर असतं. बाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग फोन काढून त्यांनी ती फाइल माझ्यासमोरच ग्रुपवरून काढून टाकली. मला वाटतं, झोप उडवणारी खरी गोष्ट हीच होती. कवितांवर तिचा उगाच आळ आला होता.

निघताना एक कागद माझ्या हातात राहिला. एका हयात कवयित्रीची पावसावरची कविता, खाली नावच नाही. कलम 57 प्रमाणे आपली कृती आपल्या नावानं ओळखली जाण्याचा हक्क लेखकाला असतो, एवढंच मी म्हणाले. बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. अडतीस प्रती होत्या. माझं पेन घेऊन त्यांनी एकेका प्रतीवर नाव लिहायला सुरुवात केली.