सगळे दिवसभर कामात, तरी ग्राहकाला उत्तर चार दिवसांनी का मिळतं?

तुम्ही विचारलंय की ग्राहक सेवेत सहा जण आहेत, कोणी रिकामं बसत नाही, तरी तक्रारीचं उत्तर जायला चार दिवस लागतात. आणखी दोन माणसं घ्यावीत का? आधी दोन आकडे काढा, मग ठरवा. आत्ता किती तक्रारी पडून आहेत आणि रोज किती निकाली निघतात?

समजा २४० पडून आहेत आणि रोज ६० निघतात. २४० भागिले ६०, म्हणजे चार दिवस. या भागाकाराला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला. आता गेल्या दोन महिन्यांतला दर सोमवारचा शिल्लक आकडा पाहा. तो २४०च्या आसपासच राहत असेल, तर तुमची माणसं येणारं काम पुरं पाडतायत. पूर्वी कधीतरी साचलेला ढीग तेवढा पुढे ढकलला जातोय आणि प्रत्येक नवा ग्राहक त्याच्या मागे उभा राहतोय. असा ढीग एकदाच उपसावा लागतो. थोडा ओव्हरटाइम करून प्रत्येकाने रोज दोन तक्रारी जास्त हातावेगळ्या केल्या तर रोज १२ कमी होतात. कामाच्या १८ दिवसांत २१६ संपून २४ उरतात, आणि त्याच सहा जणांकडून बहुतेक उत्तरं त्याच दिवशी जाऊ लागतात. यासाठी कायमची भरती कशाला?

आकडा दर आठवड्याला चढत असेल, तर मात्र ओव्हरटाइमने भागणार नाही. तेव्हाही मी आधी येणाऱ्या कामाकडे बघेन. लागोपाठ आलेले १०० फोन आणि ईमेल घ्या, प्रत्येकाचं कारण ग्राहकाच्याच शब्दांत लिहा आणि दोन ढीग करा: खरोखर नवी गरज, आणि आपल्याकडून काहीतरी राहिल्यामुळे आलेला संपर्क. ‘माझ्या तक्रारीचं काय झालं?’, ‘बिल चुकलंय’, ‘तुमचं उत्तर कळलं नाही’ हे सगळे दुसऱ्या ढिगात. यातला पहिला प्रश्न तर उशिरातूनच जन्मतो: उशीर झाला की चौकशा वाढतात, चौकशांमुळे उशीर आणखी वाढतो. म्हणून पोच देताना ‘लवकरच कळवू’ लिहू नका, ‘गुरुवारी संध्याकाळपर्यंत’ असं लिहा आणि ते पाळा.

‘कोणी रिकामं बसत नाही’ हीसुद्धा अडचणच आहे. तक्रारी ठरावीक अंतराने येत नाहीत आणि प्रत्येकीला सारखा वेळ लागत नाही. एकाच माणसापुढे स्वतंत्र रांग असेल आणि तो ८० टक्के वेळ व्यग्र असेल, तर रांगेच्या साध्या गणितानुसार प्रतीक्षा एका कामाच्या सरासरी वेळेच्या चौपट होते. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना १९ पट. म्हणून थोडा मोकळा वेळ ठेवावाच लागतो. शिवाय सहा जणांच्या सहा वेगळ्या पेट्या असतील तर त्या मोडून एकच सामाईक रांग करा. जो मोकळा होईल त्याने सर्वांत जुनी तक्रार उचलायची. वेगळ्या रांगांत एकाकडे दहा तुंबतात आणि शेजारचा मोकळा असतो.

मंजुऱ्याही तपासा. रिफंडसाठी मॅनेजरकडे गेलेल्या मागच्या तीन महिन्यांच्या विनंत्या रकमेनुसार लावा. ज्या रकमेपर्यंत जवळजवळ प्रत्येक विनंती मंजूर झाली आहे, तिथपर्यंतचा अधिकार थेट उत्तर देणाऱ्यालाच द्या आणि नंतर नमुना म्हणून काही प्रकरणं तपासत जा.

‘२४ तासांत तक्रार बंद’ असं लक्ष्य मात्र कृपया लावू नका. लोक सोपी कामं आधी उचलतात, अवघड तशीच पडतात, आणि अर्धवट सुटलेलं प्रकरण बंद होऊन दोन दिवसांनी नव्या क्रमांकाने परत येतं. सरासरीत यातलं काहीच दिसत नाही. त्याऐवजी रोज तीन आकडे फळ्यावर लिहा: सर्वांत जुनी प्रलंबित तक्रार किती दिवसांची आहे, १०० पैकी ९० तक्रारी किती दिवसांत सुटतात आणि किती परत उघडल्या. दोन महिने हे केल्यावरही शिल्लक वाढतच राहिली, तर माणसं घ्या.