पत्र्याचं गॅरेज मे महिन्यात गार ठेवायचं तर आधी छप्पर बघा

तुमचं गॅरेज अकोल्यात, घराला लागून, दहा बाय अठरा फुटांचं. वर लोखंडी पत्रा, शटर पश्चिमेला. रविवारी तुम्ही तिथे सुतारकाम करता आणि दुपारी दोननंतर आत उभं राहवत नाही. एक्झॉस्ट पंखा घ्यावा की दीड टनाचा एसी, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर सध्या दोन्ही नको. ते पैसे छपरावर घाला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर येतो. नागपूरचा शून्य सावलीचा दिवस २६ मे, अकोल्याचा त्याच्या दोन-तीन दिवस आधी. म्हणजे नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतो त्याच सुमारास दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास पडतच नाही. सगळा मारा छपरावर, आणि दुपार कलली की पश्चिमेवर. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट ऊन पडतं. तुमचं छप्पर सोळा-सतरा चौरस मीटरचं, म्हणजे जवळपास १६ किलोवॉट. दीड टनाचा एसी खोलीतून जेमतेम सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. छपरावरचं सगळं ऊन आत येत नाही, हे खरं. पण इतकी वीज जाळून एसीने त्या पत्र्याशी झुंजत का राहायचं?

शिवाय तुम्हाला जे असह्य होतं ती नुसती गरम हवा नाही. तापलेला पत्रा साठ अंशांच्या पुढे जातो आणि खालच्या माणसावर तव्यासारखा धगधगत राहतो. एक्झॉस्ट पंखा हवा बदलेल, ती धग कमी करणार नाही. आणि हवा बदलली तरी आत येणारी हवा बाहेरचीच, चव्वेचाळीस अंशांची.

म्हणून पहिलं काम पांढरा रंग. साधा चुना पत्र्यावर टिकत नाही, पोपडे धरून निघून जातो. तो स्लॅबसाठी ठीक. पत्र्याला गंज घासून, धुऊन, मेटल प्रायमर मारून वर छतासाठी मिळणारा पांढरा अ‍ॅक्रेलिक उष्णतारोधक रंग दोन हात द्या. नवा असताना तो बहुतेक ऊन परत फेकतो. धूळ बसली की गुण कमी होतो, तेव्हा मार्चमध्ये एकदा छप्पर धुऊन घ्यायचं. (वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कोरडे घासू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं.)

रंगानंतरही धग जाणवली तर आतून चकचकीत फॉइलचं बबल इन्सुलेशन लावा. पत्र्याला चिकटवू नका. मध्ये दोन-तीन इंच मोकळी जागा ठेवा आणि चकाकी खालच्या बाजूला येऊ द्या, कारण वर तोंड केलेल्या फॉइलवर धूळ साचते आणि तिचा उपयोग संपतो. थर्माकोल स्वस्त पडतो, पण पेट्रोलची गाडी, थिनर आणि ग्राइंडरच्या ठिणग्या असतील तिथे उघडा थर्माकोल मला अजिबात मान्य नाही. छपरावर पऱ्हाटी किंवा तुराट्या पसरायची आपली जुनी पद्धत सावली उत्तम देते, पण गॅरेजवर तिथेही हीच आगीची भीती. त्यापेक्षा पत्र्याच्या फूटभर वर हिरवी शेडनेट ताणा. मधून वारा वाहिला पाहिजे, जाळी पत्र्यावर लोळता कामा नये.

आता शटर. त्याच्यावरचं ऊन बाहेरच अडवायचं. आतून पडदा लावून फारसा फायदा नाही, कारण तोवर शटर तापलेलं असतं. शटरपुढे चार-पाच फुटांचा बांबूचा मांडव करा, त्यावरून समोर चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) किंवा शेडनेट खाली सोडा. सकाळी गुंडाळायची, दुपारी एकला सोडायची.

हवेचं गणित रात्रीचं आहे. आपल्याकडे पहाट बऱ्यापैकी निवते. रात्री शटर-खिडकी उघडी ठेवा, चोरीची काळजी असेल तर जाळीचं शटर बसवा. उत्तरेला जमिनीलगत एक झरोका आणि छपराच्या उंच बाजूला वाऱ्यावर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर असला की गरम हवा आपसूक वर निघून जाते. सकाळी नऊच्या आत शटर-खिडकी बंद करा, वरचं व्हेंटिलेटर तेवढं चालू राहू दे.

एवढं झालं की मग डेझर्ट कूलर. विदर्भाची कोरडी हवा त्याला मानवते. चव्वेचाळीसची हवा तो तिशीच्या आसपास आणून सोडतो. पण समोरची खिडकी उघडी हवीच, नाहीतर तासाभरात आत दमट होतं, कूलर निकामी होतो आणि तुमच्या रंध्यांना, पटाशींना गंज धरतो. मुंबई-कोकणातल्या वाचकांनी मात्र कूलरच्या नादी लागू नये. तिथल्या दमट हवेत पाणी सुकतच नाही.

गाडीबद्दल कुणी बोलत नाही, पण तीही शेगडीच असते. बाहेरून आल्याबरोबर आत लावू नका. झाडाखाली तासभर निवू द्या, मग आत घ्या. इन्व्हर्टरची बॅटरी गॅरेजात असेल तर तीही घरात सावलीला हलवा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी दर दहा अंशांच्या वाढीला ढोबळमानाने निम्मं आयुष्य गमावते. इलेक्ट्रिक स्कूटर आल्या आल्या चार्जिंगला लावायची नाही, रात्री गार झाल्यावर लावायची. थिनर, स्प्रेचे डबे, पेट्रोलचा कॅन मे-जूनमध्ये पत्र्याखाली नकोतच.

रंगाचं काम फेब्रुवारीत उरका. एप्रिलच्या तापल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आत सुकतो आणि नीट धरत नाही. यंदा उशीर झाला असेल तर या आठवड्यात शेडनेट आणि शटरपुढचा मांडव करून घ्या, रंग पावसाळ्यानंतर.