आकडा मुलाला माहीत आहे का?

या वेळी पत्रं बरीच आलीत पण एका पत्राने माझी दोन रात्री झोप घालवली, त्यामुळे बाकीच्यांनी शेवटी एकेका ओळीवर भागवून घ्या, रागावू नका. पत्र नॉर्थम्प्टनशायरहून आहे. माहेर आणि सासर दोन्ही बडोद्याचं, म्हणजे आपल्याच गल्लीतली पोर. ती लिहिते:

"मावशी, आमचा मुलगा १४ वर्षांचा आहे. आठव्या वर्षापासून कार्टिंग करतो, म्हणजे छोट्या रेसिंग गाड्या पळवतो, आमचा प्रत्येक वीकेंड व्हिल्टन मिल नाहीतर पीएफआय ट्रॅकच्या चिखलात जातो. आता एका टीमने त्याला पुढच्या वर्षी फॉर्म्युला फोरची, म्हणजे एफ वनच्या वाटेवरच्या खालच्या पायरीची, सीट देऊ केलीय. एका सीझनचे २ लाख ९० हजार पौंड. ह्यांचं म्हणणं रावपुऱ्यातल्या वाड्यातला आपला हिस्सा विकू. बाबांना अजून कल्पना नाही, त्यांना सांगायचं की तुम्हाला जिना चढवत नाही म्हणून लिफ्टवाल्या फ्लॅटमध्ये जाऊ. मुलालाही पैशाचं काही बोललेलो नाही, त्याचं लक्ष विचलित व्हायला नको. मला रात्रंदिवस अपघाताची भीती वाटते, शाळा बुडते, मराठी तर जवळजवळ गेलंच, आणि ट्रॅकवर आम्हा शाकाहारी लोकांना चिप्सशिवाय काही मिळत नाही. मी काय करू?"

अगं, तू प्रश्न चार विचारलेस, अपघात, शाळा, मराठी, खाणं. आणि जो खरा प्रश्न आहे तो मध्येच माहिती दिल्यासारखा सांगून मोकळी झालीस. सासऱ्यांशी खोटं बोलायचं ठरलंय आणि मुलापासून तीन कोटींहून जास्त रुपये लपवायचे ठरलेत, आणि तुला काळजी चिप्सची.

जुन्या वाचकांना कळलंच असेल आता मावशी कुठे वळणार. हो, वळणारच. वही, घरातल्या सगळ्यांसमोर उघडायची हिशेबाची वही. मी वहीचं तुणतुणं वाजवते म्हणून माझी चेष्टा होते ते मला माहीत आहे, पण आपल्या परदेशातल्या घरांमध्ये पैशाचा आकडा कोणी मोठ्याने उच्चारत नाही ना, त्यातून जेवढी घरं आतून पोखरलेली मी पाहिलीत तेवढी भांडणातून पोखरलेली नाही पाहिली. लेस्टरमध्ये २६ वर्षं काढली मी, उगीच नाही बोलत.

आधी 'सीट देऊ केलीय' हे खोड. सीट विकायला काढलीय. खालच्या फॉर्म्युल्यांमध्ये टीमचं घर ड्रायव्हरच्या पैशावर चालतं, यात त्यांची काही लबाडी नाही, धंदाच तसा आहे, पण शब्द नीट वापरला की डोकं नीट चालतं. आणि त्या २ लाख ९० हजारात काय काय आहे ते विचारलंस का? टेस्टिंगचे दिवस किती, टायर किती सेट, आणि गाडी ठोकली तर? क्रॅश डॅमेजचं बिल बहुतेक ठिकाणी वेगळं येतं, पुढचा विंग गेला, सस्पेन्शन गेलं, की सोमवारी इनव्हॉइस. १५ वर्षांचा मुलगा पहिल्या वर्षी गाडी ठोकणार नाही असं म्हणणाऱ्या बापाने आधी आपल्या स्वतःच्या स्कूटरचे दिवस आठवावेत.

बरं, ही फक्त पहिली पायरी. फोरनंतर एफ थ्री, मग एफ टू, आणि एफ टूचा एक सीझन २० लाख युरोच्या वरच जातो. मग एफ वनसाठी लागणारं सुपर लायसन्स. त्यासाठी साधारण तीन सीझनमध्ये मिळून ४० पॉइंट लागतात, एफ फोरचा चॅम्पियन झाला तरी हातात येतात १२, आणि एफ टूमध्ये पहिल्या तिघांत आला तर एकदम ४०. वय सहसा १८ पूर्ण, थिअरीची परीक्षा, आणि नियम कडक झाले तेव्हा तर एवढं सगळं झाल्यावर रस्त्यावर गाडी चालवायचं साधं लायसन्सही लागायचं, हे वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. हा कडकपणा आला २०१६ पासून, कारण त्याच्या आदल्या वर्षी मॅक्स व्हर्स्टॅपन १७ व्या वर्षी एफ वनमध्ये उतरला तेव्हा त्याच्याकडे ते साधं लायसन्सही नव्हतं. आणि एवढं करून वर जागा किती, तर २०२६ पासून ११ टीम झाल्यात म्हणून २२. अख्ख्या जगात मिळून २२.

आपल्यातले किती पोचले ते पण बघ. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन टीममधून आणि करुण चंधोक २०१० मध्ये, संपली यादी. दोघांचे वडील स्वतः रॅली-रेसिंगमधले, म्हणजे ह्या वाटेवर किती खड्डे आहेत ते घरात आधीच माहीत होतं. कार्तिकेयनचे एफ वनमधले सगळे पॉइंट पाच, ते पण इंडियानापोलिसला, जिथे टायरच्या भानगडीमुळे सहाच गाड्या धावल्या आणि हा चौथा आला. मी कमी लेखत नाहीये हं, त्या सहातला एक असायला पण आयुष्य घालवावं लागतं. मुंबईचा जेहान दारूवाला एफ टूमध्ये रेस जिंकला, तिथे चार सीझन काढले, तरी एफ वनची सीट नाही, मग फॉर्म्युला ई, इलेक्ट्रिक गाड्यांची. बंगळुरूच्या कुश मैनीने २०२५ मध्ये मोनॅकोची एफ टू स्प्रिंट रेस जिंकली तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला पत्ताच नाही, त्या दिवशी सगळे आयपीएल बघत होते.

तुझे हे लगेच एफ वनच्या ड्रायव्हरांची नावं घेतील, हॅमिल्टन! ओकॉन! घेऊ देत. हॅमिल्टनच्या वडिलांनी एका वेळी दोन-तीन कामं केली पोराच्या कार्टिंगसाठी, इस्टेट एजंटच्या पाट्या ठोकण्यापर्यंत. ओकॉनच्या आईबापांनी घर विकलं आणि कॅरव्हॅनमध्ये राहिले. खरं आहे सगळं. पण दोन्हीकडे एक गोष्ट बघ, पोरगं सगळं डोळ्यांनी बघत होतं, त्याला न सांगता कळत होतं. आणि हॅमिल्टनच्या बापाची अट उघड होती, शाळेत नीट अभ्यास केलास तर मी पैसे लावीन. १३ व्या वर्षी मॅक्लारेन ह्या एफ वनच्या टीमने त्याला घेतलं आणि बापाच्या डोक्यावरचा बोजा हलका झाला. तुझ्या मुलाला अजून कोणी घेतलेलं नाही, आणि ज्यांनी घर विकलं पण पोरगं पोचलं नाही त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

माझा आवडता मात्र जुना एफ वन ड्रायव्हर निकी लाउडा. व्हिएन्नाचं गडगंज घराणं, आजोबा एवढे वजनदार की बँक नातवाला स्पॉन्सर करायला निघाली तर त्यांनी शब्द टाकून ते थांबवलं. मग पठ्ठ्याने दुसऱ्या बँकेतून स्वतःच्या नावावर कर्ज काढलं. कर्जासाठी आयुर्विम्याची पॉलिसीही तारण ठेवली होती. विम्याची पॉलिसी! आपल्याकडे ऐकूनच कोणाचं तरी बीपी वाढेल. पण पुढे तीनदा वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या ह्या माणसाला पहिल्या दिवसापासून पाठ होतं की आपल्यावर किती देणं आहे. पटो न पटो, आजोबांना माहीत होतं, नातवाला माहीत होतं, समोरासमोर भांडण होतं. तुमच्याकडे नातवालाही माहीत नाही आणि आजोबांनाही नाही, आणि ज्याच्या नावावर घर आहे त्यालाच लिफ्टची गोष्ट.

आता माझ्या माहेरचं सांगते. घरच्यांना आवडणार नाही, पण सांगते.

माझा धाकटा भाऊ क्रिकेट खेळायचा. मोतीबागच्या नेटमध्ये पहाटे साडेपाचला सायकलवर. बडोद्यात त्या काळी दर तिसरा मुलगा रणजी खेळणार होता. वडिलांचं मांडवीत छोटं दुकान, रोजमेळ ते रोज रात्री लिहायचे, लाल पुठ्ठ्याच्या चोपड्यात, दिवाळीला त्याची पूजा. पै-पैचा हिशेब त्यात, फक्त एक गोष्ट नव्हती. भावाच्या बॅटी, बाहेरगावच्या मॅचेस, मुंबईत एका कोचकडे ठेवला होता तो खर्च, ह्यासाठी आईच्या पाटल्या गहाण गेल्या आणि मग सुटल्याच नाहीत. आई लग्नाकार्यात काचेच्या बांगड्या घालायची आणि म्हणायची, मला सोन्याने खाज येते. आम्ही सगळे मानत होतो की आईला सोन्याची ॲलर्जी आहे!

भावाला हे कळलं ३८ व्या वर्षी, कारेलीबागेत एका चुलतबहिणीच्या लग्नात, एका काकांनी जिलेबी खाता खाता सांगितलं. त्या रात्री त्याने मला लेस्टरला फोन केला, दहा मिनिटं नुसता गप्प. मग म्हणाला, ताई, मला सतराव्या वर्षीच समजलं होतं की मी एवढा चांगला नाही, पण बाबा एवढे खूश दिसायचे म्हणून मी आणखी तीन वर्षं खेळलो. आणि बाबा? बाबा आम्हाला नेहमी म्हणायचे की पोराचं मन मोडू नये म्हणून चालू ठेवलंय. दोघं एकमेकांसाठी खेळत होते, आणि पाटल्या गेल्या त्या गेल्याच. एकदा, फक्त एकदा, कोणीतरी चहाच्या वेळी आकडा बोललं असतं ना.

म्हणून मी माझ्या मुलीच्या वेळेस वही काढली. लेस्टरमध्ये तिचं अरंगेत्रम, म्हणजे नाचाचा पहिला जाहीर कार्यक्रम, करायचं होतं, ते तिकडे कसं असतं तुम्हाला माहीत आहे, लग्नाहून कमी नाही, ऑर्केस्ट्रा चेन्नईहून, दागिने, साड्या, हॉल, ४०० माणसांचं जेवण. आमचे हे म्हणाले मुलीला कशाला टेन्शन. मी नाही ऐकलं, तिच्यासमोर एक्सरसाइज बुक उघडली, डावीकडे आपल्याकडे काय आहे, उजवीकडे काय लागणार. १६ वर्षांची पोर. तिने पाच मिनिटं बघितलं आणि पेन्सिलने जेवण खोडलं, म्हणाली समोसा आणि चहा पुरे, आणि हॉल शाळेचा. रडली नाही, विचलित झाली नाही, उलट पुढचे सहा महिने रियाझाला मला एकदाही उठवावं लागलं नाही. (आमच्या ह्यांच्या बहिणी समोशावरून अजून बोलतात, तो भाग वेगळा.)

आता तू काय करायचंस. एक वही घे, ॲप नको, एक्सेल नको, वही. पहिल्या पानावर आतापर्यंत सहा वर्षांत कार्टिंगवर काय गेलं ते लिही, कार्ट, इंजिन, टायर, लायसन्स, पेट्रोल, हॉटेल, चिप्ससकट. तुला पण धक्का बसेल, बसू दे. दुसऱ्या पानावर फॉर्म्युला फोर, टीमला विचारून, क्रॅश डॅमेज धरून. तिसऱ्या पानावर एकच ओळ, आपण किती वर्षं आणि किती पैसे लावू आणि कुठे थांबू. ही तिसरी ओळ मुलाने स्वतःच्या हाताने लिहायची. १४ वर्षांचा मुलगा ताशी १०० किलोमीटरच्या पुढे कार्ट पळवतो, ब्रेक कुठे मारायचा ते त्याला मीटरमध्ये कळतं, त्याला आकडा झेपत नाही हे मला नको सांगूस. आणि वही मांडताना हे पण मांड की ड्रायव्हर म्हणजे फक्त एफ वन नाही. जीटी आहे, म्हणजे स्पोर्ट्स कारच्या रेस, एन्ड्युरन्स आहे, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या रेस, टीमच्या सिम्युलेटरवर बसणारे ड्रायव्हर असतात, कोचिंग करतात, त्यातले बरेच जण पोट भरतात, आणि जीटीवाले तर चाळिशीपर्यंत गाडी चालवतात. शिवाय तू राहतेस कुठे ते बघ, सिल्व्हरस्टोनला ॲस्टन मार्टिन, ब्रॅकलीला मर्सिडीज, मिल्टन कीन्सला रेड बुल, सगळं तासाभरात. मुलाला गाडी आवडते की गाडी चालवायलाच आवडते, हे एकदा विचार. त्याला पण वेगळं उत्तर द्यायची संधी मिळायला पाहिजे, माझ्या भावाला मिळाली नाही.

आणि वाडा. विकायचा की नाही ते मी सांगणार नाही, तो तुमचा घरचा प्रश्न. पण लिफ्टची गोष्ट सांगून नाही. आपण बडोद्याची मराठी माणसं, गायकवाडांच्या मागे आलो, तिथेच राहिलो, पुण्याचे आपल्याला गुजराती म्हणतात आणि गुजराती आपल्याला मराठी, त्यात आता तुम्ही इंग्लंडला. ज्या एका जागेला सगळे आपलं म्हणतात ती विकायची तर निदान खरं कारण सांगून विका. कदाचित बाबा नाही म्हणतील. कदाचित म्हणतील घ्या, आणि नातवाच्या हेल्मेटवर रावपुरा लिहा.

बाकीचं पटपट. अपघाताची भीती जाणार नाही, मी घालवू पण शकत नाही, पण एफ वनमध्ये २०१८ पासून डोक्यावर हेलो, म्हणजे धातूची कमान आहे, मानेला आधार देणारा हान्स आहे, २०२० मध्ये बहारीनला ग्रोजाँ नावाचा ड्रायव्हर जवळपास अर्धा मिनिट आगीत होता आणि स्वतःच्या पायाने बाहेर आला. एफ फोरच्या गाडीलाही हेलो असतो. बघून घे एकदा, हात लावून. जीसीएसई, म्हणजे तिकडची दहावी, पूर्ण करायची, चर्चा नाही. मराठीचं म्हणशील तर एम वनवर दर वीकेंडला चार तास गाडीत काय करता, हेडफोन काढा आणि बोला. खायला थेपले न्या, तीन दिवस टिकतात, हे बडोद्याच्या बाईला मी सांगायचं?

फोन रविवारी कर. तिकडे सकाळचे अकरा झाले की इकडे साडेतीन वाजतात, उन्हाळा चालू आहे तोवर हाच हिशेब. बाबा दुपारची झोप काढून त्याच सुमारास चहाला उठत असतील. मुलाला शेजारी बसव, वही उघडी ठेव, आणि आकडा तूच सांग, ह्यांच्यावर सोडू नकोस.

टोरांटोच्या ताई, सासूबाईंच्या विम्याचं पुढच्या वेळेस नक्की. मेलबर्न, लोणचं कस्टममध्ये पकडलं गेलं तर त्यावर माझ्याकडे उपाय नाही, डिक्लेअर करायचं होतं.